प्रवासात व्हीपीएन वापरताना: कोणापासून काय लपते, आणि काय लपत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन महिन्यांच्या प्रवासात अनेक देशांतून जाताना विमानतळ, हॉटेल आणि कॅफे यांच्या वाय-फायवर तुम्हाला कार्यालयाचे काम करायचे आहे आणि अधूनमधून बँकेचे व्यवहारही करावे लागणार आहेत. एक मित्र म्हणतो की व्हीपीएनशिवाय (म्हणजे तुमची इंटरनेट वाहतूक सांकेतिक रूपात एका मधल्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेशिवाय) सार्वजनिक वाय-फायला हातही लावू नये. दुसरा म्हणतो की आता सगळी संकेतस्थळे एन्क्रिप्टेड (वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात माहिती पाठवणारी) असल्यामुळे व्हीपीएनवर खर्च करण्यात अर्थ नाही. शिवाय मोफत व्हीपीएन चालेल का, हेही तुम्हाला हवे आहे.

फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप, फोन आणि नेटवर्क सांभाळणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. माझ्या मते तुमचे दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या धोक्यांविषयी बोलत आहेत. व्हीपीएन घेतल्याने विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही. जो विश्वास तुम्ही नकळत हॉटेलच्या राउटरवर ठेवत होता, तो तुम्ही निवडलेल्या एका कंपनीवर जातो. म्हणून आधी ठरवायचे ते हे की तुम्हाला कोणापासून काय लपवायचे आहे, आणि त्या बदल्यात ते कोणाला दिसले तर चालेल.

पहिल्या मित्राचा सल्ला एके काळी शब्दशः खरा होता. २०१० साली फायरफॉक्स ब्राउझरसाठी 'फायरशीप' नावाचे एक एक्स्टेन्शन प्रसिद्ध झाले. त्या काळी अनेक मोठी संकेतस्थळे फक्त लॉगिनचे पान एन्क्रिप्ट करीत आणि त्यापुढचा सगळा संवाद उघडा ठेवत. त्यामुळे पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर बसलेला कोणीही, तांत्रिक ज्ञान नसतानाही, शेजारच्या टेबलावरील माणसाची लॉगिन कुकी (लॉगिन झाल्याची खूण म्हणून ब्राउझरने जपलेली छोटी नोंद) पकडून त्याच्या खात्यात शिरू शकत असे. पुढच्या काही वर्षांत हे चित्र पालटले. मोठ्या संकेतस्थळांनी सगळाच संवाद एचटीटीपीएसवर (संकेतस्थळाशी होणारा संवाद एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीवर) नेला, २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेमुळे त्यासाठी लागणारी, संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे कोणालाही विनामूल्य मिळू लागली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एन्क्रिप्शन नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळापुढे 'सुरक्षित नाही' असे दाखवू लागला. आज तुम्ही बँकेचे अ‍ॅप किंवा ईमेल हॉटेलच्या वाय-फायवरून उघडले, तर तुमचा पासवर्ड त्या राउटरच्या मालकाला वाचता येत नाही. केवळ सार्वजनिक वाय-फाय वापरले म्हणून खाते रिकामे होईल ही भीती आता अवाजवी आहे, आणि व्हीपीएनच्या कित्येक जाहिराती अजूनही याच भीतीवर उभ्या आहेत, याचे मला वाईट वाटते.

मात्र दुसऱ्या मित्राचे म्हणणे इथेच अपुरे पडते. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर लपतो. तुम्ही कोणत्या संकेतस्थळाशी बोलत आहात हे बहुतेक वेळा लपत नाही. ब्राउझर आधी डीएनएसला (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) संकेतस्थळाचा पत्ता विचारतो, आणि ही विचारणा अनेक उपकरणांवर अजूनही उघड्या स्वरूपात जाते. तिचे एन्क्रिप्शन करण्याची सोय आता ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये असते आणि ती चालू करून ठेवावी. परंतु त्यानंतर सुरक्षित जोडणी उघडतानाही संकेतस्थळाचे नाव सुरुवातीच्या संदेशात बहुधा उघडेच असते. याचा अर्थ नेटवर्क चालवणाऱ्याला तुमच्या बँकेचे नाव, तुम्ही वाचत असलेल्या वृत्तपत्राचे नाव, एखाद्या आजाराविषयीच्या संकेतस्थळाचे नाव, आणि या प्रत्येकाशी तुम्ही कधी व किती वेळ जोडलेले होता, हे कळू शकते. हॉटेलच्या लॉगिन पानावर तुम्ही खोली क्रमांक आणि आडनाव टाकलेले असेल, तर ही सगळी यादी थेट तुमच्या नावावर जमा होते. अनेक ठिकाणी हे वाय-फाय हॉटेल स्वतः चालवत नाही, त्रयस्थ कंपनी चालवते, आणि ती या नोंदींचे काय करते हे पाहुण्याला कधीच सांगितले जात नाही.

व्हीपीएन नेमके हे बदलते. तुमच्या उपकरणापासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत सगळी वाहतूक एका एन्क्रिप्टेड बोगद्यातून जाते, त्यामुळे हॉटेलला फक्त एवढेच दिसते की तुम्ही एका सर्व्हरशी बोलत आहात. जे हॉटेलला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. संकेतस्थळाला तुमच्या खऱ्या आयपी पत्त्याऐवजी (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीच्या क्रमांकाऐवजी) त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. पण तुम्ही तिथे आपल्या नावाने लॉगिन केलेत, किंवा ब्राउझरमध्ये जुन्या कुकीज आहेत, तर तुम्ही कोण हे त्याला तितकेच ठाऊक असते. व्हीपीएनमुळे माणूस अनामिक होतो असे जे सांगितले जाते, ते खरे नाही.

त्यामुळे 'घ्यावे का' याचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते. तुम्ही बहुतेक वेळ मोबाइल डेटावर राहणार असाल आणि फक्त ईमेल, नकाशे आणि बँकेचे अ‍ॅप वापरणार असाल, तर व्हीपीएन नसल्याने फार बिघडणार नाही. दोन महिने वेगवेगळ्या अनोळखी वाय-फायवर रोज काम करणार असाल, तर चांगले व्हीपीएन घेण्यासारखे आहे, कारण तेवढ्या काळात अनेक अनोळखी नेटवर्कांना आपली दिनचर्या दाखवण्यापेक्षा एका पारखून घेतलेल्या कंपनीवर विश्वास ठेवणे बरे. आणि तुमच्या कामामुळे तुमच्यावर मुद्दाम पाळत ठेवली जाण्याची शक्यता असेल, म्हणजे तुम्ही पत्रकार, वकील किंवा मानवी हक्क कार्यकर्ते असाल, तर बाजारातले व्हीपीएन पुरेसे समजू नका. अशा वेळी आपल्या संस्थेच्या सुरक्षा जाणकाराशी बोलून उपकरणांपासूनच वेगळे नियोजन करावे लागते.

आता मोफत व्हीपीएनविषयी. विश्वास त्या कंपनीकडे जातो हे लक्षात घेतले की उत्तर आपोआप सुचते: सर्व्हर आणि बँडविड्थ यांचा खर्च कोणीतरी भरतच असतो, आणि तो तुम्ही भरत नसाल तर कोण आणि कशाच्या बदल्यात भरतो, हे कळले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील संशोधकांनी इतरांसोबत २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली. त्यांपैकी १८ टक्के अ‍ॅप वाहतूक एन्क्रिप्टच करीत नव्हती, आणि ७५ टक्के अ‍ॅपमध्ये इतर कंपन्यांसाठी वापरकर्त्याचा माग ठेवणारी साधने होती. 'होला' ही मोफत सेवा आपल्या वापरकर्त्यांच्याच इंटरनेट जोडण्या इतर ग्राहकांना भाड्याने देते, हे २०१५ मध्ये गाजले. म्हणजे तुमच्या आयपी पत्त्यावरून अनोळखी माणूस काहीही करू शकत होता. फेसबुकच्या मालकीचे 'ओनावो' हे मोफत व्हीपीएन, लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती गोळा करीत असे, आणि २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून हटवावे लागले. याला एक अपवाद आहे: काही नामांकित सशुल्क सेवा वेग किंवा सर्व्हरची निवड मर्यादित ठेवून मोफत खाते देतात आणि त्याचा खर्च इतर ग्राहकांच्या वर्गणीतून भागतो. तसे खाते तातडीच्या वेळी वापरायला हरकत नाही.

पैसे भरले म्हणजे सेवा विश्वासू झाली, असेही नाही. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' हे वाक्य प्रत्येक कंपनी लिहिते, आणि ग्राहकाला ते तपासता येत नाही. मी स्वतः जाहिरातीतील दाव्यांपेक्षा, कंपनीवर बाहेरून दबाव आला तेव्हा काय झाले, ते पाहतो. डिसेंबर २०१६ मध्ये तुर्कस्तानात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव यांची हत्या झाली. त्या तपासात तिथल्या अधिकाऱ्यांनी एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला, परंतु त्यावर उपयोगी पडेल अशी नोंद सापडली नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात झडतीचे वॉरंट घेऊन गेले आणि ग्राहकांची माहितीच अस्तित्वात नसल्यामुळे रिकाम्या हाताने परतले. अशा घटनांतून कायमची हमी मिळत नाही, कारण मालकी आणि धोरणे बदलतात. पण मोठमोठ्या तारांकित परीक्षणांपेक्षा त्या बरेच काही सांगतात. परीक्षणांविषयी सावध राहा, कारण त्यांतील पुष्कळशी शिफारशीमागे कमिशन मिळवणारी असतात, आणि काही तर व्हीपीएन कंपन्यांच्याच मालकीच्या संकेतस्थळांवर असतात. याशिवाय त्रयस्थ संस्थेकडून झालेले लेखापरीक्षण संपूर्ण प्रसिद्ध केले आहे का, कंपनीचा मालक कोण आहे हे उघड आहे का, आणि अ‍ॅपचा सोर्स कोड पाहायला उपलब्ध आहे का, एवढे तपासले तरी यादी बरीच आखूड होते.

यादीत देशाचे नाव दिसले म्हणजे सर्व्हर तिथेच आहे असे मानू नका. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवावी असा आदेश काढला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातील प्रत्यक्ष सर्व्हर बंद केले आणि भारतीय आयपी पत्ते देणारे सर्व्हर दुसऱ्या देशांत ठेवले. सर्व्हर प्रत्यक्षात कुठे आहे, त्यावर तिथे कोणता कायदा लागू होईल हे ठरते.

प्रोटोकॉलवर, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा कोणत्या पद्धतीने बांधला जातो यावर, फार वेळ घालवण्याची गरज नाही. वायरगार्ड निवडा, त्याचा कोड लहान आहे, तो वेगवान आहे, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (त्या प्रणालीच्या गाभ्यात) समाविष्ट आहे. काही हॉटेलांचे नेटवर्क त्याला लागणारी यूडीपी प्रकारची वाहतूक अडवते. अशा वेळी ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोटोकॉल टीसीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर (एचटीटीपीएसची संकेतस्थळे वापरतात त्याच वाटेने) चालवला की बहुधा काम होते, फक्त वेग घटतो. पीपीटीपी हा जुना प्रकार कुठे दिसला तर वापरू नका, कारण त्याचे संरक्षण २०१२ मध्येच निकालात निघाले आहे.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. वाय-फायला जोडल्यापासून व्हीपीएन चालू होईपर्यंतचा काळ हा सगळ्यात नाजूक काळ असतो. हॉटेल किंवा विमानतळाचे लॉगिन पान उघडण्यासाठी व्हीपीएन बंद असावे लागते, कारण ते पान दाखवण्यासाठी नेटवर्कला तुमची वाहतूक अडवून दुसरीकडे वळवावी लागते. त्या पानावर नेटवर्कचा पूर्ण ताबा असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की कंपनीने 'डार्कहोटेल' नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आलिशान हॉटेलांत उतरलेल्या निवडक उच्चपदस्थ पाहुण्यांना, वाय-फायला जोडल्यानंतर, नेहमीच्या सॉफ्टवेअरचे अपडेट आल्याचे भासवून घातक प्रोग्राम दिला जात असे. पाहुण्याने तो स्वतःच्या हाताने इन्स्टॉल केला, की नंतर व्हीपीएन चालू केल्याने काहीही साधत नाही, कारण चोर आता बोगद्याच्या आत, तुमच्या उपकरणावरच असतो.

म्हणून मी लोकांना एक क्रम पाळायला सांगतो. निघण्यापूर्वी सगळी अपडेट घरच्या नेटवर्कवर पूर्ण करावीत आणि प्रवासात लॉगिन पानावरून किंवा अचानक उघडलेल्या खिडकीतून काहीही इन्स्टॉल करू नये. लॉगिन पानासाठी एक वेगळा ब्राउझर ठेवावा, ज्यात तुमचे कोणतेही खाते उघडलेले नसेल. त्या पानावर ईमेल मागितला तर मुख्य खात्याचा देऊ नये, आणि तुमच्या नेहमीच्या खात्याचा पासवर्ड मागितला तर ते पान बंद करून दुसरे नेटवर्क शोधावे. पान पार पडले की लगेच व्हीपीएन चालू करावे, ते जोडले गेल्याची खात्री करावी, आणि मगच काम उघडावे. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' हे बटण कोणत्याही कारणाने दाबू नये. तो इशारा म्हणजे एचटीटीपीएसचे संरक्षण आपले काम करीत असल्याची खूण असते, आणि ते बटण दाबून आपण स्वतःच ते काढून टाकतो.

व्हीपीएन मध्येच तुटले तर वाहतूक थांबली पाहिजे, यासाठी अ‍ॅपमध्ये 'किल स्विच' असतो. तो चालू ठेवा. अँड्रॉइडवर हे काम फोनच्या व्हीपीएन सेटिंग्जमधूनच अधिक पक्के होते: व्हीपीएन नेहमी चालू ठेवण्याचा आणि त्याच्याविना जोडणी अडवण्याचा, असे दोन पर्याय तिथे आहेत. लॉगिन पानासाठी दुसरा पर्याय काही क्षण बंद करावा लागू शकतो. तो परत चालू करायला विसरू नका.

तरीही एक त्रुटी उरते, आणि ती माहीत असलेली बरी. मे २०२४ मध्ये संशोधकांनी 'टनेलव्हिजन' हा हल्ला प्रसिद्ध केला. वाय-फायला जोडताना नेटवर्क आपल्या उपकरणाला पत्ता आणि मार्ग यांची माहिती देते. त्यातल्याच एका जुन्या, अधिकृत सुविधेचा गैरवापर करून दुष्ट नेटवर्क उपकरणाला सांगू शकते की अमुक वाहतूक बोगद्याबाहेरून पाठव. अ‍ॅप मात्र व्हीपीएन जोडलेले असल्याचेच दाखवत राहते. अँड्रॉइडमध्ये ती सुविधाच नसल्यामुळे त्यावर हा हल्ला चालत नाही. लॅपटॉपवर चालू शकतो. प्रत्यक्षात सामान्य प्रवाशावर कोणी तो करील याची शक्यता मला कमी वाटते, आणि बाहेर पडलेल्या वाहतुकीवरही एचटीटीपीएसचे संरक्षण असतेच. पण जे काम खरोखर महत्त्वाचे आहे, ते मी हॉटेलच्या वाय-फायऐवजी स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर करायला सांगतो, कारण तिथे लॅपटॉपला पत्ता आणि मार्ग सांगणारे उपकरण तुमचेच असते.

मोबाइल डेटा हा पर्याय एरवीही मला अधिक पसंत आहे. आपल्या नेहमीच्या सिमवर रोमिंग करताना डेटा बहुधा आपल्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे संकेतस्थळांना तुम्ही मूळ देशातच असल्यासारखे दिसता. प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमचे तसे नसते. त्याचा डेटा कधी कधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो.

बँकेच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. बँकेची फसवणूक रोखणारी यंत्रणा आयपी पत्त्याचा देश, उपकरण आणि सवयी पाहते. सकाळी एका देशातून आणि तासाभराने दुसऱ्याच खंडातून लॉगिन झाले, तर खाते गोठवले जाऊ शकते, आणि परदेशात असताना ते सोडवून घेणे फार कष्टाचे असते. म्हणून बँकेसाठी व्हीपीएन वापरायचे असेल तर मूळ देशातील एकच सर्व्हर ठरवा आणि तोच वापरा. काही बँका व्हीपीएनच्या सर्व्हरचे ओळखीचे पत्ते अडवतात. तेव्हा बँकेचे अ‍ॅप व्हीपीएनमधून वगळा आणि मोबाइल डेटावर उघडा. त्यात धोका वाढत नाही, कारण त्या अ‍ॅपचे स्वतःचे एन्क्रिप्शन असतेच. तुमच्या घरच्या राउटरमध्ये वायरगार्डची सोय असेल आणि घरच्या जोडणीला बाहेरून पोहोचता येत असेल, तर घरचाच व्हीपीएन सर्व्हर हा यावर सर्वांत नेमका उपाय आहे. मात्र अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात आणि मग हे जमत नाही. शिवाय तो राउटर बंद पडला तर पुन्हा चालू करणारे कोणीतरी घरी हवे. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम प्रवासात चालू राहील याची व्यवस्था आधीच करा.

कायद्याचा भाग लहान आहे, पण टाळता येणार नाही. चीनमध्ये सरकारमान्य नसलेली व्हीपीएन सेवा चालवण्यास मनाई आहे, आणि तिथल्या अ‍ॅप स्टोअरमधून अ‍ॅपलने २०१७ मध्ये अशी अ‍ॅप काढून टाकली. संयुक्त अरब अमिरातींमध्ये गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास जबर दंड आहे. बेलारूस आणि तुर्कमेनिस्तान यांसारख्या देशांचा पवित्रा आणखी कडक आहे. हे नियम बदलत राहतात, म्हणून मार्गातल्या प्रत्येक देशाचे सध्याचे नियम निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्या, आणि जिथे बंदी आहे तिथे ते अ‍ॅप फोनवर घेऊनही जाऊ नका.

एवढे सगळे व्हीपीएनविषयी लिहिले, तरी माझ्या कामात प्रवाशांचे जे खरे नुकसान मी पाहिले आहे, ते बहुतांशी हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या उपकरणांमुळे आणि खोट्या संदेशांतील दुव्यांमुळे झालेले आहे. त्या दोन्हींवर व्हीपीएनचा काही उपयोग नाही. लॅपटॉपची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, फोनला सहा किंवा अधिक अंकी पिन ठेवा, आणि महत्त्वाच्या खात्यांना पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा की (त्याच कामाचे छोटे वेगळे उपकरण) लावा. या दोन्ही खऱ्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर त्या चालतच नाहीत. वेळ कमी असेल तर व्हीपीएन निवडण्याआधी हे करा.

व्हीपीएन निघण्याच्या किमान आठवडाभर आधी सर्व उपकरणांवर बसवा आणि रोजच्या कामात वापरून पाहा. आयपी पत्ता आणि डीएनएस दाखवणारे एखादे चाचणीचे संकेतस्थळ व्हीपीएन बंद असताना आणि चालू असताना उघडा. चालू असतानाही तुमच्या नेहमीच्या इंटरनेट कंपनीचे नाव किंवा तुमचा आयपीव्ही६ पत्ता (आयपी पत्त्याचा नवा प्रकार) दिसत असेल, तर सेटिंग्जमध्ये गळती आहे आणि ती घरी असतानाच दुरुस्त केलेली बरी.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर त्यावर कार्यालयाचेच व्हीपीएन वापरा, दुसरे बसवण्यापूर्वी तिथल्या आयटी विभागाला विचारा, आणि त्या बोगद्यातून जाणारी तुमची खासगी वाहतूक कार्यालयाला दिसू शकते हे ध्यानात ठेवा. लॅपटॉप कोणाचा आहे आणि मार्गात कोणते देश आहेत, एवढे कळवलेत तर सर्व्हर कुठला ठेवावा आणि बँकेसाठी कोणती व्यवस्था करावी, हे मला अधिक नेमके सांगता येईल.